विरत जाणाऱ्या साखळीचा हिशेब मांडून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही प्रोटिएज हे विषाणूचं प्रथिन आणि त्यात बसलेलं इंडिनाविर हे औषध, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली १एचएसजी ही रचना, तिच्या ॲनिमेशनसाठी, म्हणजे प्रथिनाचा वरचा भाग हळूहळू विरवून आतलं औषध दाखवण्यासाठी, तुम्ही जी टिपणं लिहून दिलीत त्यांबद्दल आमच्या गटाकडून मनापासून आभार. पत्र खुलं ठेवलंय, कारण रेणूंचे व्हिडिओ करणाऱ्या कुणालाही ही टिपणं कामाला येतील.

सगळ्यात मोलाचा ठरला तो थरांचा हिशेब. प्रथिनाच्या पृष्ठभागाची पारदर्शकता ० पासून १०० टक्क्यांपर्यंत सरळ चढवली की अर्धा वेळ काही घडतच नाही आणि शेवटी सगळं एकदम गायब होतं. हे सगळेच पाहतात, पण कारण तुम्ही दोन ओळींत मांडलंत: डोळा आणि लिगँड (इथे औषधाचा रेणू) यांच्यामध्ये सरफेसच्या, म्हणजे त्या पृष्ठभागाच्या, जितक्या भिंती, तितक्या वेळा पारदर्शकतेचा गुणाकार. दोन भिंती असल्या तर ५० टक्क्यांना मागचं फक्त २५ टक्के पोचतं. चार असल्या तर जेमतेम ६ टक्के. म्हणून मागचं दृश्य एकसारख्या गतीने उजळायचं असेल तर मूळ काढायचं, दोन भिंतींना वर्गमूळ, चारांना चतुर्थमूळ. दोन भिंतींसाठी पाव वेळेला ५०, अर्ध्या वेळेला ७१ आणि पाऊण वेळेला ८७ टक्के. फक्त सर्वात पुढचा थर रंगवणारी पद्धत चालू असेल तर हा खटाटोप नको, तिथे सरळ चढच बरोबर.

झडपांबद्दलची, म्हणजे औषधावर झाकणासारख्या बसणाऱ्या प्रथिनाच्या दोन भागांबद्दलची, सूचनाही तितकीच नेमकी होती. दोन्ही साखळ्यांतले ४३ ते ५८ हे रेसिड्यू (साखळीतली ॲमिनो आम्लं) विरवायचे, म्हणजे खालचे दोन ॲस्पार्टेट २५ (प्रथिनाचं रासायनिक काम करणारे रेसिड्यू) उघडे पडतात. पण पायमोल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच तुकडा वेगळा ऑब्जेक्ट केला तर ४२ आणि ४३ यांच्यामधली कार्टूनची (साखळी फितीसारखी दाखवणाऱ्या चित्राची) पट्टी कुणाच्याच वाट्याला येत नाही आणि तिथे फट दिसते. झडपेच्या ऑब्जेक्टमध्ये ४२ आणि ५९ हेही घेतले की सांधा भरतो.

पाण्याचं तर विचारूच नका. १एचएसजीच्या फाइलमध्ये पाण्याचे १२७ रेणू आहेत आणि 'पाणी लपवा' म्हटलं की सगळेच जातात. त्यांतला ३०८ क्रमांकाचा रेणू झडपांच्या टोकांवरचे आयसोल्यूसिन ५० आणि इंडिनाविर यांना हायड्रोजन बंधांनी जोडतो. तो गेला तर औषध तिथे टिकतं कसं, हेच चित्रातून निघून जातं. तो वगळून बाकीचं पाणी आधी, मग सरफेस, मग कार्टून, हा तुमचा क्रम आता आमचा नियम झालाय.

प्रत्येक फ्रेमला पारदर्शकतेचा थेट आकडा द्यायचा, 'आधीपेक्षा इतकी वाढव' असं कधी सांगायचं नाही, हेही पटलं. टाइमलाइनवर मागेपुढे उडी मारली की बेरजा चुकतात, थेट आकडे चुकत नाहीत. पहिल्या फ्रेमला सगळं मूळपदावर आणायचं आणि शेवटच्या फ्रेमला तो भाग खरोखर हाइड करायचा. नुसतं जवळजवळ १०० टक्क्यांवर थांबलं तर पृष्ठभागावरची चकाकी भुतासारखी तरंगत राहते. सावल्यांचंही तसंच: पारदर्शक वस्तूंची सावली चालू असेल तर वस्तू विरल्यावरही डाग राहतो आणि हाइडच्या क्षणी झटक्यात उडतो. पायमोलमध्ये रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र तयार करणं) करताना ती वेगळ्या सेटिंगने बंद करता येते.

व्हीएमडी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी तुमची एक ओळ इथे देतो. ओपॅसिटी (अपारदर्शकता) मटेरियलची, म्हणजे दिसण्याच्या गुणांच्या संचाची असते, रिप्रेझेंटेशनची (रेणू दाखवण्याच्या प्रकाराची) नव्हे. म्हणून विरवायच्या भागासाठी मटेरियलची प्रत काढा, नाहीतर त्याच मटेरियलवरचं बाकीचं सगळंही फिकं पडेल.

आणि मग शेवटच्या पानावरचा तो उपाय, जो वाचून आधीचा सगळा हिशेब बाजूला ठेवावासा वाटतो: कॅमेऱ्याचा तोच मार्ग दोनदा रेंडर करायचा, एकदा झडपांसकट आणि एकदा झडपांशिवाय, आणि एडिटरमध्ये एकातून दुसऱ्यात डिझॉल्व्ह. दोन तयार चित्रं मिसळत असल्यामुळे भिंती कितीही असोत, बदल एकसारखाच होतो आणि सावल्याही सोबत विरतात. कायमेराएक्स या सॉफ्टवेअरमधला क्रॉसफेड याच जातीचा, फक्त त्या वेळी कॅमेरा स्थिर हवा, नाहीतर दुहेरी प्रतिमा दिसते. रेंडरचा वेळ तेवढ्या भागापुरता दुप्पट होतो, पण तो परवडतो. झडपा भुतासारख्या १०-१५ टक्के दिसत ठेवायच्या असतील तर मात्र आम्ही अजूनही मुळांचाच हिशेब वापरतो, कारण मग त्या पुढे बराच वेळ फिरत्या कॅमेऱ्यासमोर राहतात.

२५ फ्रेम प्रति सेकंद धरून ३० ते ४० फ्रेममध्ये विरवणं आणि फ्रेम पीएनजीत साठवणं हेही चाललंय. गडद पार्श्वभूमीवर मंद फेड कॉम्प्रेस केला की पट्टे उमटतात. तिथे तुम्ही सुचवलेली किंचित नॉइज लागू पडली.

पुढच्या भागात झडपा विरवण्याऐवजी उघडताना दाखवायच्या आहेत. त्याची कच्ची फाइल पाठवतो आहोत, सवडीने पाहावी.

कळावे, लोभ असावा.
आपला,
ॲनिमेशन गट