तोंडातील गाठींच्या तपासणी निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाची मुखतपासणी शिबिरे तुम्हाला नवीन नाहीत. सूक्ष्मदर्शक आला तो आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंमुळे. खोके उघडले तेव्हा स्टूल ओढून पहिली काच त्यांनीच पाहिली, आणि "हे सगळं माणसाच्या तोंडात?" म्हणून थक्क झाल्या. काढलेल्या गाठी टिकवायच्या बाटल्या आणि त्यासाठीचे फॉर्मॅलिन द्रावण औषध दुकानदार बंधूंनी आम्हाला कधी मागूच दिले नाही. आपल्या ज्येष्ठ दंतवैद्यांनी तर फीचा विषयही काढू दिला नाही. जिभेवरची ती मोत्याएवढी, न दुखणारी गाठ त्यांच्याच नजरेला पडली. वरवरच्या तुकड्यावरून कर्करोगाची शंका आली होती. खोल तुकडा घेतल्यावर ती ग्रॅन्युलर सेल ट्यूमर निघाली, म्हणजे साधीच. रशियन रोगतज्ज्ञ अब्रिकोसॉफ यांनी १९२६ साली वर्णन केलेली ही गाठ वरचे अस्तर असे काही वाढवते की जाणकारही फसतो. तेव्हा खोल तुकडा घेतला नसता तर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया झाली असती.

गेल्या वर्षीच्या पत्राला उत्तरे आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक सद्गृहस्थ म्हणाले, "कॅन्सर नाही ना, मग पैसे कशाला?" अहो, नाही हे तपासल्याशिवाय कळणार कसे? (राग नाही, पण लागले.) सतत दात लागून झालेला तंतूंचा फायब्रोमा, चरबीचा लायपोमा, मज्जातंतूच्या आवरणाचा श्वानोमा, बाहेरून कधी कधी सगळे सारखेच. गाठ रक्तवाहिन्यांची असेल आणि न ओळखता कापली तर रक्त थांबवताना तारांबळ. ओठांवर, जिभेवर मज्जातंतूंच्या अनेक गाठी दिसल्या तर थायरॉइडही तपासावी लागते. बहुतेक गाठी पूर्ण काढल्या की प्रश्न मिटतो. हिरडीवरच्या काही मात्र कीटण राहिले की पुन्हा उगवतात.

गाठ काढून होते, अडते ते पुढे. पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासण्याचा, खर्च झेपत नाही म्हणून सध्या चौघांच्या गाठींच्या चार बाटल्या फळीवर थांबल्या आहेत. फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस गेले तर एस-१०० सारख्या (गाठ मज्जातंतूच्या आवरणाची आहे का ते दाखवणाऱ्या) विशेष चाचण्याही धड लागत नाहीत. त्या चौघांना रोज काय सांगायचे?

देणगी रोख वा धनादेशाने, मंडळाच्या नावे, कार्यालयात, संध्याकाळी ५ ते ७, रविवार सोडून. पावती मागून घ्यावी. बाटल्या प्रयोगशाळेत पोचवायला दुचाकीवाले दोघे हवेत. तोंडात २ आठवड्यांहून जास्त टिकलेली गाठ वा जखम असेल तर देणगी राहू द्या, आधी दाखवायला या.

आपली,
सचिव