स्वस्त विदेशी प्राणी : हिशेब कुठून मांडावा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कमी खर्चात पाळता येणारे विदेशी प्राणी’ अशा याद्या पुरवण्यांतून अधूनमधून येतात. त्यांत क्रम लागतो तो बहुधा दुकानातल्या किमतीनुसार. लाल कानाच्या कासवाचे पिल्लू सगळ्यांत वर, लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल बराच खाली आणि कॉर्न स्नेक त्याहून खाली. पाळण्याचा खर्च पाहिला तर हाच क्रम जवळपास उलटा होतो. म्हणून हे पत्र.

कासवाचेच घ्या. पिल्लू विकले जाते तेव्हा ३-४ सेंटिमीटरचे असते आणि प्लास्टिकच्या टबात मावते. मादी वाढून २५ सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहून मोठी होते. कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरमागे सुमारे ३८ लिटर पाणी हा पाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने पूर्ण वाढलेल्या मादीला ३८० लिटर पाणी लागते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ३८० किलो, काच आणि स्टँड वेगळे. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते, त्यामुळे फिल्टर टाकीच्या आकारमानाच्या दुपटीचा घ्यावा लागतो. शिवाय अंग शेकायला कोरडी जागा, त्यावर उबेचा दिवा आणि अतिनील किरण देणारी ‘यूव्हीबी’ नळी. हे सगळे वीस-तीस वर्षे चालवायचे! झेपेनासे झाले की कासव जवळच्या तळ्यात जाते. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे ते याच वाटेने. अमेरिकेत १० सेंटिमीटरहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. तिचे कारण वेगळे होते. मुले ही पिल्ले तोंडात घालत आणि त्यांना साल्मोनेला या जिवाणूची लागण होई.

तेव्हा कागद घेऊन बसावे आणि प्राण्याची किंमत सर्वांत शेवटी लिहावी. त्याआधी घर, ऊब आणि उजेड, खाणे, डॉक्टर. यांतली पहिली बाब एकदाची असते, बाकीच्या प्राणी जिवंत असेतो चालतात. आमचा आग्रह असा की घर उभारायला जेवढे पैसे लागले तेवढेच डॉक्टरसाठी बाजूला ठेवता येत नसतील, तर प्राणी अजून परवडत नाही असे समजावे.

विजेचा खर्च तर कोणी धरतच नाही. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला १०० वॅटचा उबेचा दिवा आणि २४ वॅटची यूव्हीबी नळी रोज १२ तास लागते, असे धरू. महिन्याला सुमारे ४५ युनिट झाले. लेपर्ड गेकोच्या पेटीखालची १५ वॅटची हीट मॅट, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटमुळे, निम्मा वेळच चालली, तर साडेपाच युनिटच्या आत भागते. दोघांच्या किमतीत फारसा फरक नसला तरी वर्षाअखेरीस चारपाचशे युनिटचे अंतर पडते. यूव्हीबी नळीची आणखी एक गोम आहे. ती डोळ्यांना छान उजळ दिसत राहते, पण तिच्यातले अतिनील किरण सहा ते बारा महिन्यांत क्षीण होतात. नळी ‘चालू आहे’ म्हणून बदलली नाही, की जनावराची हाडे मऊ पडू लागतात.

पैसे वाचवायला लोक पहिली कात्री थर्मोस्टॅटला लावतात, आणि तीच सर्वांत महागात पडते. मोकळी सोडलेली हीट मॅट काच ४५ अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर तापवू शकते. सरपटणारे प्राणी पोटाखालचा चटका वेळेवर ओळखत नाहीत, ते तसेच पडून राहतात आणि भाजतात. थर्मोस्टॅटचा संवेदक मॅटच्या बरोबर वर, काचेला चिकटून हवा. तो चिकटपट्टीने लावू नये, पट्टी सुटली तर प्राण्याच्या कातडीला चिकटते आणि सोडवताना कातडी निघते. रबरी चकतीही भरवशाची नाही. ती सुटून संवेदक गार बाजूला पडला, तर ‘अजून गारच आहे’ असे समजून थर्मोस्टॅट मॅट तापवतच राहतो. सिलिकॉनचा ठिपका लावून पूर्ण वाळू द्यावा. मग प्राणी आणण्याआधी आठवडाभर पेटी रिकामीच चालवावी. गेकोसाठी उबदार बाजूचा पृष्ठभाग ३० ते ३२ अंश आणि गार बाजू २४ ते २६ अंश हवी. सकाळी, दुपारी आणि रात्री आकडे लिहून ठेवावेत. डायलचे स्वस्त थर्मामीटर चार-पाच अंशांनी सहज चुकतात, म्हणून डिजिटल घ्यावा.

मर्यादित पैशांत सरपटणारा प्राणीच हवा असेल तर आमचे मत लेपर्ड गेकोला. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच पेटी त्याला जन्मभर पुरते. ६० बाय ४५ मध्येही भागते, त्याहून लहान नको. लपायला तीन जागा हव्यात, एक उबदार, एक गार आणि एक ओलसर. ओलसर जागा विकत घेण्याचे कारण नाही. झाकणाच्या प्लास्टिक डब्याला भोक पाडून, कडा घासून आत ओला टिशू पेपर ठेवला की झाले. ही जागा नसेल तर टाकलेल्या कातीचे कडे बोटांभोवती अडकून राहते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळून पडते. तळाला साधा कागद घालावा, तो फुकटात पडतो आणि विष्ठाही लगेच दिसते. दुकानदार हमखास गळ्यात मारतो ती वाळू, विशेषतः पिल्लांसाठी, नको. भक्ष्यावर झडप घालताना ती पोटात जाते, आणि ऊब किंवा कॅल्शियम कमी पडत असेल तर आतड्यात अडकते.

खायला कीटक. त्यांच्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून खाऊ घालताना ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत. यूव्हीबी नसेल तर जीवनसत्त्व डी-३ असलेली भुकटी हवीच, मात्र तिचा डोस डब्यावरच्या सूचनेबाहेर नेऊ नये. कमी शक्तीची नळी लावता आली तर उत्तम. कॅल्शियमच्या कमतरतेची चिन्हे ओळखता यायला हवीत. बोटे थरथरतात, जबडा रबरासारखा लवचिक लागतो, चालताना पोट जमिनीला घासते. एवढे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

कीटकांवरचा खर्च मात्र खरोखर कमी करता येतो. उथळ ट्रेमध्ये चार-पाच सेंटिमीटर गव्हाचा कोंडा पसरावा, त्यात मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, सोडाव्यात आणि ओलाव्यासाठी गाजराची चकती ठेवावी. चकतीला बुरशी दिसली की ती बदलावी. अळ्यांचे भुंगेरे झाले की त्यांना दुसऱ्या ट्रेमध्ये हलवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नव्या कोंड्यात, कारण भुंगेरे आपलीच अंडी खातात. उबदार खोलीत तीन-चार महिन्यांत चक्र बसते. तोवर कीटक विकत घ्यावे लागणारच. गेकोला देण्याआधी दिवसभर या अळ्यांना पालेभाजी आणि गाजर खाऊ घालावे, उपाशी अळी म्हणजे नुसते टरफल. नुसत्या मीलवर्मवरही ठेवू नये, अधूनमधून नाकतोडे-रातकिडे हवेत. पण ते बागेतून पकडून आणू नयेत. कीटकनाशकाचा धोका आहेच, आणि काजवा तर एकच पुरतो. त्याच्यातल्या विषाने सरडे दगावतात.

याहून कमी पैसे असतील तर काडीकिडा. खरेच. विशेषतः दक्षिण भारतातून जगभर पोचलेली, शास्त्रीय नाव कॅरॉशियस मोरोसस असलेली जात. हिला दिवा नको, मॅट नको, खोलीचे १८ ते २५ अंश पुरतात. आयुष्य सुमारे वर्षाचे, त्यामुळे पंधरा वर्षांची बांधिलकी न घेता पाळणे जमते का, हे कळते. खर्च जाळीच्या पेटीचा आणि पाण्याच्या फवाऱ्याचा. पेटीची उंची मात्र किड्याच्या लांबीच्या तिप्पट हवी. हा किडा उलटा लटकून कात टाकतो, खाली जागा पुरली नाही तर पाय वाकडे होतात किंवा कातीत अडकून तो मरतो. घाणेरीसारखे जे दिसेल ते झुडूप देऊ नये. ब्लॅकबेरीच्या जातीची काटेरी झुडपे, आयव्ही, प्रिव्हेट, गुलाब ही त्याची ओळखीची पाने. डहाळ्या अरुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर पिल्ले पाण्यात पडून बुडतात. विकतची फुलझाडे टाळावीत, झाडाच्या आत मुरलेले कीटकनाशक धुऊन जात नाही. मादी नराशिवायच शेकडो अंडी घालते. ती बारीक बियांसारखी दिसतात आणि कचऱ्यात टाकली तर बाहेर उबतात. नको असलेली अंडी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाकावीत. काही देशांत याच कारणासाठी हा किडा पाळायला परवाना लागतो.

टॅरेंटुला हा मोठा केसाळ कोळीही चालवायला स्वस्त, आठवड्या-दोन आठवड्यांनी एक कीटक पुरतो. जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी माती एवढी भरावी की मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसेल. उंचावरून पडला तर पोट फुटून तो मरतो. पिल्लू स्वस्त मिळते, पण नर की मादी हे त्या वयात कळत नाही. मादी पंधरा-वीस वर्षे जगते, नर वयात आल्यावर फार टिकत नाही. कॉर्न स्नेक कमी खर्चाचा खरा, पण घरातल्या फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवायला सगळ्यांची संमती आहे का, ते आधी विचारावे. सापाइतका अडसर दुसऱ्या कशाचा होत नाही.

जे स्वस्त दिसतात आणि नसतात त्यांत शुगर ग्लायडर हा झाडांवरून तरंगत जाणारा छोटा प्राणी, गिनीपिग आणि बजी हा छोटा पोपट येतात. हे समूहात राहणारे जीव आहेत, एकाची किंमत पाहून फसू नये. हर्मिट क्रॅब हा रिकाम्या शंखात राहणारा खेकडा रंगवलेल्या शंखासकट कवडीमोल मिळतो. तो जवळपास नेहमीच समुद्रकिनाऱ्यावरून उचललेला असतो, त्याला ७५ ते ८५ टक्के आर्द्रता आणि गोड्या-खाऱ्या पाण्याची दोन भांडी लागतात. ‘काही महिनेच जगतो’ हा समज त्याला नीट न ठेवल्यामुळे झाला आहे.

वापरलेली पेटी घेणे शहाणपणाचे, पण आधीचा प्राणी कशाने गेला हे विचारावे. शेपटी सुकत जाऊन गेको मेला असेल तर ती पेटी फुकटही नको. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी साध्या ब्लीचने मरत नाही. एरवी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटे ओले ठेवून भरपूर धुवावे आणि उन्हात वाळवावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये. जुनी लाकडे आणि जुनी यूव्हीबी नळी घेऊच नये.

प्राणी निवडताना तो बंदिवासात जन्मलेला असावा. रानातून पकडलेला स्वस्त पडतो, पण जंत आणि निर्जलीकरण सोबत आणतो, आणि त्याच्या औषधपाण्यात वाचलेले पैसे जातात. गेकोची शेपटी जाड, डोळे स्वच्छ, बोटे पुरी आणि गुदद्वार कोरडे हवे. समोर खाताना पाहावा. घरी आणल्यावर आठवड्याला एकदा १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करावे. दहा टक्के घटले तर वाट पाहू नये, डॉक्टरकडे न्यावे. अशा प्राण्यांना तपासणारा डॉक्टर सगळीकडे नसतो. म्हणून खरेदीआधी फोन करून ‘गेको बघता का, विष्ठेची तपासणी होते का’ एवढे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर तो प्राणी यादीतून काढावा.

कागदपत्रांचेही तसेच. दुर्मीळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा ‘साइट्स’ करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. आफ्रिकन ग्रे पोपटाला २०१६ मध्ये त्याच्या सर्वांत कडक परिशिष्टात घालण्याचे ठरले. त्याशिवाय प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. पैदास कुठे झाली याचा कागद विक्रेता देत नसेल, तर कितीही स्वस्त असले तरी उठून यावे.

आपल्या पुरवणीला एक विनंती. पुढच्या यादीत प्राण्याच्या किमतीशेजारी चार आकडे छापावेत : वाढीचा आकार, आयुष्य, महिन्याची युनिट्स आणि खाण्याचे वेळापत्रक. उदाहरणार्थ, काडीकिडा : ८ ते १० सेंटिमीटर, सुमारे १ वर्ष, शून्य युनिट, ताजा पाला नेहमी समोर. लेपर्ड गेको : २० ते २५ सेंटिमीटर, १५ ते २० वर्षे, सुमारे ५ युनिट, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा कीटक. लाल कानाचे कासव : २५ सेंटिमीटर, ३० वर्षे, आणि युनिटच्या रकान्यात हीटर, फिल्टर, दिवा आणि नळी या चौघांची बेरीज.

आपले,
प्राणी पाळणारे काही वाचक