म्हैस फाडू नका, बाबा

ती. आई-बाबा,
नमस्कार. फोनवर बाबा मला बोलूच देत नाहीत, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय, आई तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना.

शेजारच्यांची म्हैस रात्रीतून गेली, नाकातोंडातून काळपट रक्त आलं, ते गोठतही नाहीये, आणि तुमचं चाललंय पोट फाडून बघू काय खाल्लं होतं ते. अजिबात नको. काळपुळी (अँथ्रॅक्स) आहे का नाही हे मला इथे इंदिरानगरात बसून काय कळणार, पण अशा जनावराला सुरी लावायचीच नसते. बंद अंगातले जंतू कुजण्यात बरेचसे मरतात, रक्ताला हवा लागली की त्यांचे बीजाणू, म्हणजे कवच धरलेले जंतू, होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर इंग्रजांनी १९४२ ला मेंढ्यांवर याची चाचणी केली, ते बेट मोकळं झालं थेट १९९० ला, तेही फॉर्मलिन मारून!

आणि बाबा तो मास्कवाला फॉरवर्ड डिलीट करा. खोकल्यातून एकाचा दुसऱ्याला अँथ्रॅक्स होत नाही. श्वासातला प्रकार सगळ्यात वाईट हे मात्र खरं, आधी साधा ताप, कणकण, कोरडा खोकला, आणि मग एकदम दम कोंडतो, पण त्याला बीजाणूच छातीत जावे लागतात. पूर्वी इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणाऱ्यांना व्हायचा. रशियात १९७९ ला लष्करी कारखान्यातून हवेत सुटला, निदान ६६ माणसं गेली आणि सरकार म्हणे खराब मटण खाल्लं, त्यांचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी कबूल केलं १९९२ ला. अमेरिकेत २००१ ला टपालाच्या पाकिटांतून बीजाणूंची पावडर आली, २२ जणांना झाला, त्यातल्या ११ जणांना श्वासातून, ५ गेले. तेव्हा तुम्ही विम्याचं पाकीट अंगणात नेऊन काठीने उघडलं होतं, आठवतं ना? आई अजून हसते.

आपल्याकडे भीती कातडीची जास्त. कुणी हात लावला असेल तर साबणाने खसाखसा धुवा, आणि न दुखणारा फोड येऊन मधे काळी खपली धरली तर घरगुती लेप नको, डॉक्टरला म्हैस मेल्याचं आधी सांगा. वेळेत कळलं तर अँटिबायोटिकने बरा होतो.

जनावरांच्या डॉक्टरांच्या १९६२ नंबरवर मी फोन केलाय, डॉक्टर येतील. तोवर कुत्री हाकला, आपली गाय लांब बांधा. खड्डा खोल घ्यायला सांगा, चुना लागेल.

शनिवारी सीबीएस स्टँडवरून सकाळच्या गाडीने येते. आईच्या बीपीच्या गोळ्या घेतल्यात.

तुमची,
ताई