कॅग अहवालावर चर्चा कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्वरीत गोवा विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले की कोणत्या आमदाराने कोणाला कसे सुनावले, याच्याच क्लिपा मोबाईलवर फिरतात. कपात सूचनेवर, म्हणजे खात्याने मागितलेला खर्च कमी करा या प्रस्तावावर, मुद्देसूद बोलणाऱ्याची क्लिप कोणी पाठवत नाही! संविधानाच्या कलम १५१ नुसार कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यपालांमार्फत विधानसभेत मांडावाच लागतो. पण तो शेवटच्या दिवशी पटलावर आला, तर आमदारांनी वाचायचा कधी आणि बोलायचे कधी? पुढे तो लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे जातो. ही समिती शोभेची नव्हे. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते असताना तिचे अध्यक्ष होते, आणि २०११ मध्ये समितीने बेकायदा खाणींचा विषय हाती घेतला. त्यावरून उठलेले वादळ गोवेकरांना आठवत असेल.

आपले सभागृह चाळीस आमदारांचे. त्यातले मंत्री वगळले, तर उरलेल्यांनी, सत्ताधारी बाकावरच्यांनीसुद्धा, आपल्या मतदारसंघातील रस्त्याच्या खर्चाचा हिशेब तारांकित प्रश्नातून (ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते) मागायला काय हरकत आहे? ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आले, तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा लावावा. आपल्या दैनिकाने कोणी किती प्रश्न विचारले, ते मतदारसंघनिहाय छापावे, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा