बाई, शेवटची ओळ तुम्ही झाकलीत म्हणून

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकात माझ्या अलक, म्हणजे अतिलघुकथा, छापून आल्या, तेव्हा आपल्या वाचनालयाने तुमचा आणि माझा मिळून सत्कार करायचं ठरवलं होतं. तुम्ही शाल-श्रीफळाला साफ नकार दिलात. "लिहिलंय तिने, त्यात माझं काय?" असं म्हणालात. तुमचं काय, हे मला माहीत आहे, आणि ते इतरांनाही कळावं असं फार वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. रागावू नका.

मी एसटीत वाहक. पाटण खोऱ्यातल्या गाड्यांवर ड्युटी. एक फेरी संपून दुसरी सुटेपर्यंत जो वेळ मिळतो, तो माझा लिहिण्याचा वेळ. वाचनालयातल्या तुमच्या रविवारच्या लेखनवर्गात पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणाले होते की मोठी कथा लिहायला सवड नाही, म्हणून छोट्या लिहिते. तुम्ही लगेच म्हणालात, "सवड नाही म्हणून छोटं लिहू नकोस. छोट्याला जास्त वेळ लागतो." आणि मग बनफूल यांच्याबद्दल सांगितलंत. खरं नाव बलाइचंद मुखोपाध्याय, बंगाली लेखक, पेशाने डॉक्टर. भागलपूरला त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती आणि एवढं काम सांभाळून ते पान-अर्ध्या पानाच्या कथा लिहीत होते. नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाचं लिखाणही पूर्ण वेळच्या लेखकाइतकंच कसून तपासलं जाईल, हे तुम्ही त्या दिवशी न बोलता सांगितलंत. मला तो मान वाटला. आजवर माझ्या लिहिण्याला ‘वा, एसटीतली बाई लिहिते!’ एवढीच दाद मिळत होती.

आता ‘हाफ तिकीट’बद्दल. वर्गात नव्याने येणाऱ्यांना ही गोष्ट मी नेहमी सांगते, म्हणून इथेही सविस्तर लिहिते. मी वाचून दाखवलेली कथा अशी होती:

"एक फुल, एक हाफ," तो म्हणाला. मी तिकिटं फाडली. हाफवालं पोर कुठाय म्हणून बघितलं, तर खिडकीकडच्या सीटवर रिकामं दप्तर. "शाळेत सोडायचंय," तो म्हणाला. त्याचा मुलगा मागच्या पावसाळ्यात ओढ्याला वाहून गेला होता, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

शीर्षक होतं ‘बापाचं काळीज’.

तुम्ही वही मागून घेतलीत, शेवटच्या वाक्यावर आडवा हात ठेवलात आणि वर्गाला कथा वाचून दाखवलीत. "शाळेत सोडायचंय" यावर थांबलात. कुणी काही बोललं नाही. मागच्या बाकावरचे पोस्टातले काका उठून पाणी प्यायला गेले. मग तुम्ही हात काढलात आणि झाकलेलं वाक्य वाचलंत, तसं सगळे ‘अरेरे’ म्हणाले. "आता बघ," तुम्ही मला म्हणालात, "आधी ते त्या माणसाशेजारी बसले होते. या वाक्याने तू त्यांना गाडीतून उतरवून बातमी सांगितलीस."

ते वाक्य गेलं. मग तुम्ही ‘रिकामं’वर बोट ठेवलंत. दप्तर रिकामं आहे हे कंडक्टरला तिकीट देता देता कसं दिसेल? आणि दिसलंच, तरी ते मी सांगायचं की वाचणाऱ्याला कळू द्यायचं? तोही शब्द गेला. खिडकीकडची सीट मात्र तुम्ही राखलीत. पोराला खिडकी देतो म्हणजे तो बाप आहे, एवढ्या दोन शब्दांनी काम होतं, असं म्हणालात. शीर्षक सर्वांत शेवटी बदललं. ‘बापाचं काळीज’ म्हटलं की पहिल्या ओळीच्या आधीच सगळं फुटतं. ‘हाफ तिकीट’ म्हटलं की वाचणारा तिकीटच शोधत बसतो. इतक्या लहान कथेत शीर्षक हीसुद्धा एक ओळ असते आणि ती फुकट घालवायची नसते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही ‘दृष्टांतपाठ’ घेऊन आलात. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केले. आपल्या मराठी गद्याची अगदी सुरुवातीची पानं, आणि ती अशी चिमुकल्या गोष्टींची! प्रत्येकाला तीन भाग: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा अर्थ उलगडणारा दार्ष्टान्तिक. हत्ती आणि आंधळे शाळेत आम्ही वाचले होते, पण त्याची बांधणी कधी पाहिली नव्हती. कुणाच्या हाताला पाय लागतो, कुणाच्या कान, कुणाच्या सोंड, आणि जो तो आपल्या हाताला लागलं त्यालाच हत्ती म्हणतो. तुम्ही म्हणालात की केसोबासांना पंथाची शिकवण जपायची होती, म्हणून त्यांना तिसरा भाग लिहिणं भागच होतं. आपल्याला पंथ नाही. आपला तिसरा भाग वाचणाऱ्याने लिहायचा. माझ्या वहीत जिथे जिथे शेवटी समजावणी होती, तिथे तुम्ही समासात बारीक अक्षरात ‘दा.’ लिहून ठेवलं होतं. अजूनही लिहिताना तो ‘दा.’ मला दिसतो आणि पेन थांबतं.

धक्क्याच्या शेवटावरून आपला वाद झाला होता, आठवतं? मोबाइलवर फिरणाऱ्या अलक बहुतेक तशाच असतात. शेवटच्या ओळीत कळतं की बोलणारा माणूस मेलेलाच होता, किंवा ज्याला सगळे भिकारी समजले तो मालक निघतो. मला त्या आवडायच्या. तुम्ही एकच कसोटी दिलीत: कथा दोनदा वाचायची. दुसऱ्यांदा वाचताना काही नवं हाती लागलं तर ती कथा, नाही तर ते कोडं, आणि कोडं एकदाच सुटतं. त्याच ओघात बाळाच्या न वापरलेल्या बुटांची ती सहा शब्दांची कथाही निघाली. सगळीकडे ती हेमिंग्वे या लेखकाच्या नावावर सांगतात, पण त्याने ती लिहिल्याचा पुरावा नाही, आणि तशाच आशयाचे मजकूर अमेरिकी वृत्तपत्रांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येत होते, हे तुम्ही सांगितलंत. मोठं नाव काढून घेतल्यावरही ती कथा उभी राहते का, ते बघा म्हणालात. आम्ही पाहिलं. राहते.

पण बाई, माझ्या मते तुमचं सगळ्यांत मोठं देणं घडलेल्या गोष्टींच्या लिखाणातलं आहे. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एक आई रोज पहाटेच्या गाडीला डबा द्यायला यायची. मुलगा तालुक्याला खोली घेऊन शिकत होता. स्टँडवर तो डबा घ्यायचा आणि आदल्या दिवशीचा माझ्याकडे परत द्यायचा. यावर लिहायचं होतं. वहीत सगळं उतरलं होतं, पण आई काही बोलतच नव्हती. म्हणून मी तुम्हाला विचारलं, तिच्या तोंडी एखादं वाक्य घालू का? तुम्ही म्हणालात, "गोष्ट लिहीत असशील तर खुशाल घाल. पण खाली ‘घडलेलं’ म्हणून लिहिणार असशील, तर ती बोलली नाही ते नाही. ती काय करायची ते आठव."

आणि मला आठवलं. परत आलेला डबा हातात घेतला की ती झाकण उघडायची नाही. हातात धरून जरा वर-खाली करायची, वजन बघायची. पोर जेवलं की नाही ते तिला तेवढ्यात कळायचं. रोज डोळ्यांसमोर होतं, आणि मी तिच्यासाठी संवाद शोधत होते.

म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ तुम्ही त्यानंतर वाचायला दिलंत. इ. स. 1278च्या सुमाराचा तो ग्रंथ. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून विचारून त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि त्यातल्या कितीतरी लीळा जेमतेम काही ओळींच्या आहेत. पारध्यांपासून पळणारा ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडतो, ती लीळा मी कितीदा वाचली असेन. ससा आला, दडला, पारधी काय म्हणाले, स्वामी काय म्हणाले, मग ससा गेला. बघितलेलं आणि ऐकलेलं नीट क्रमाने ठेवलं की पुरतं, ही हिंमत मला तिथून आली.

मग फेलिक्स फेनेओं हा फ्रेंच लेखक. पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात 1906 साली त्याने निनावी राहून तीन-तीन ओळींच्या हजारावर बातम्या लिहिल्या: अपघात, चोऱ्या, संप, आत्महत्या. त्याच्या मृत्यूनंतर त्यांचं पुस्तक झालं. त्यावरून तुम्ही आम्हाला अभ्यास दिलात: पेपरच्या जिल्हा पानावरची एक बातमी घ्यायची, तीन ओळींत लिहायची, बातमीत नसलेला एकही तपशील आणायचा नाही. फक्त शब्दांचा क्रम आपला. तो अभ्यास मी आजही करते, बहुतेक कराड स्टँडवर गाडी लागेपर्यंत. क्रियापद आधी आलं तर माणूस हरवतो आणि माणसाचं वय आधी आलं तर काळजात कळ येते, हे हातानेच समजत गेलं. समजावून सांगितलं असतं तर मला कळलं नसतं.

बाई, तुम्ही वर्गाची फी कधी घेतली नाहीत. वह्या घरी नेऊन प्रत्येकीच्या समासात लिहिलंत. कुणालाही ‘छान’ म्हणून मोकळं केलं नाहीत, आणि आमच्यातल्या कुणाची वही लोकांसमोर हसण्यावारीही नेली नाहीत. मी पाठवलेल्या दोन ओळींवर कधी कधी तुमचं पानभर उत्तर यायचं. त्या पत्रांचा माझ्याकडे गठ्ठा आहे. त्यातलं एकही पत्र मी टाकलेलं नाही.

आमच्या डेपोत एक मेकॅनिक मुलगा आहे. ब्रेकडाउनच्या गाड्यांवर जातो, रात्री-अपरात्री घाटात थांबतो, आणि तिथलं लिहितो. त्याच्या वहीत मला दोन-तीन फार चांगली निरीक्षणं दिसली. त्यांच्याखाली बऱ्याच ठिकाणी ‘दा.’ लिहायला लागेल, पण ते मी लिहिलेलं नाही. येत्या रविवारी मला सुट्टी आहे, त्याला घेऊन वाचनालयात येते. गुडघा दुखत असेल तर वरच्या मजल्यावर चढू नका, आम्ही खालच्या खोलीत बाकं मांडतो.

मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी,
एसटीतली एक वाहक