पाच व्होल्ट, साठ अँपिअर

दाजी पेठ, सोलापूर
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

सुऱ्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "मग फ्यूज कुठला होता?" म्हणून सुरू झाला असतास आणि माझं निम्मं पोटातच राहिलं असतं. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. साखर आहे तिथंच. आईचा गुडघा, विचारू नकोस.

गौरी जेवायच्या दिवशी ओंक्यानं केलेल्या देखाव्यामागून वास आला. प्लास्टिक पेटलेलं नाही पण मऊ झालंय, तेव्हाचा असतो ना, तो. तू दारातूनच ओळखला असतास. पुढं दिवे मजेत पळत होते, मोराचा पिसारा निळा-हिरवा होत होता, आणि वहिनी हळदीकुंकवाच्या बायकांना "पोरानं सगळं स्वतः केलंय" सांगत होत्या. मी पडदा वर केला. लाल-काळी जोडवायर एका जॉइंटपाशी चॉकलेटी पडलेली, लाल तारेचं आवरण पडद्याच्या अस्तराला चिकटलेलं. जॉइंट नुसता पिळून टेप मारलेला. बोट लावलं तर चटका. स्विच बंद केला तर ओंक्या म्हणतो, "काका, पाच व्होल्टच तर हाय. शॉकपण बसत नाही." आणि दोन्ही टोकं हातात धरून दाखवली बे त्यानं!

शॉक बसत नाही हेच दुखणं आहे. आपण ६ व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब सिरीजला लावून सरळ २३० वर टाकायचो. एक गेला की अख्खी माळ अंधारात, आणि त्या रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांत सगळे २३० दबा धरून बसलेले. नवरात्रात तू शिडीवरून उडालास तेव्हापासून होल्डरला हात लावण्याआधी प्लग काढायची सवय लागली. मला तरी लागली. या पोरांना कधी झटकाच बसलेला नाही, मग भीती कुठून येणार?

२३० चे ५ व्होल्ट करणारी त्याची ती जाळीच्या पत्र्याची पेटी ५ व्होल्ट ६० अँपिअरची. सगळ्या माळा एकाच स्क्रूला आवळलेल्या. माळेची तार अर्धा चौरस मिलिमीटर असली तर नशीब. मी कागद घेऊन बसवलं त्याला. समज, तीन मीटरवर लाल-काळी चिकटली. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, रोध ०.२ ओहमच्या आसपास. ५ भागिले ०.२, म्हणजे २५ अँपिअर. म्हणजे १२५ वॉटची उष्णता त्या बारक्या तारेत, पडद्यामागं. बारक्या नळीतून हिप्परगा तलाव सोडायला निघाल्यासारखं. पेटीची ताकद ६० ची, तिला २५ म्हणजे नेहमीचं काम. ती शॉर्ट समजून बंदच होत नाही. "मग एमसीबी पडंल की," म्हणाला. कशाला पडेल? तेच १२५ वॉट २३० च्या बाजूला अर्धा-पाऊण अँपिअर होतात. ६ अँपिअरचा एमसीबी घोरत पडतो. तेव्हा कुठं पोरगं गप्प बसलं. आणि मागं सगळा पुठ्ठा नि कापड, थर्माकोल बंद झाल्यापासून. थर्माकोल काही पुण्यवान होतं असं नाही.

आता तू म्हणशील, फ्यूजचं मला शिकवू नकोस. शिकवणारच. फ्यूजच्या किटकॅटमध्ये ५ अँपिअरच्या तारेऐवजी मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार पिळून घालणारा महापुरुष कोण होता? "दहा दिवस उडणार नाही," म्हणाला होतास. आपला उडाला नाहीच. पलीकडच्या डीपीतला उडाला आणि अख्ख्या गल्लीनं मेणबत्त्यांवर आरती केली. वर मलाच म्हणालास, वातावरण कसं छान झालं. ते मी विसरलेलो नाही.

स्पेअरपार्टच्या दुकानातून गाडीचे ब्लेड फ्यूज आणि होल्डर आणले. पन्नास पिक्सेलची, म्हणजे रंग बदलणाऱ्या पन्नास एलईडींची, माळ पूर्ण पांढरी पेटली तर ३ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणून प्रत्येक माळेच्या लाल तारेला, पेटीच्या अगदी जवळ, ५ चा फ्यूज. पेटीपासूनची मुख्य तार अडीच चौरस मिलिमीटरची. सैल जॉइंटचं मात्र फ्यूजलाही कळत नाही, म्हणून सगळे जॉइंट सोल्डर करायला लावले. तोंड वाकडं करून केले.

अजून एक गंमत. त्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. वहिनी म्हणतात, देव जागृत आहे. जागृत कसला! ओंक्यानं तीन पिनेचा प्लग कापून दोन वायरी काडीनं सॉकेटात खोचलेल्या. अर्थिंगच नाही. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून पत्र्यावर जो किंचित करंट येतो, तो अर्थला जायचा, तो वहिनींमधून जात होता. झिणझिण्यांनी काही होत नाही, पण आत फेजच पत्र्याला टेकली तर? शिवाय २३० चे स्क्रू आणि ५ व्होल्टचे स्क्रू एकाच ओळीत, शेजारी-शेजारी, आणि वरचं झाकण फेकून दिलेलं. आरतीला चिल्लीपिल्ली तिथंच लोळतात.

घरातलं निस्तरलं. झोप लागत नाही ती पुढच्यासाठी. देखाव्याचा व्हिडिओ फिरला आणि ओंक्याला ऑर्डरी यायला लागल्यात. दिवाळीत एका मंगल कार्यालयाची कमान, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत एका स्टॉलची. होम मैदान डोळ्यांपुढं आण. कापडी मंडप, धूळ, जनरेटर, खांद्याला खांदा लावून माणसं. तिथं मी पडदा वर करायला असणार आहे का? जाऊ नको म्हणवत नाही. दादा गेल्यापासून पोरगं पहिल्यांदा कशात तरी रमलंय. आणि हात चांगला आहे रे त्याचा, तो पिसारा बघायला हवा होतास. मी चार वेळा तेच बोललो की "काका झाले सुरू." तुझं ऐकतो. तू दिलेलं सोल्डरिंग आयर्न अजून वापरतो.

तर त्याला फोन कर. मी लिहिलंय हे सांगू नकोस. बडोद्यात कुणाला तरी असलं लायटिंग करायचंय म्हण, आणि प्रत्येक माळेला फ्यूज किती, अर्थिंग कुठून घेतोस, गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतोस का, असं गिऱ्हाइकासारखं विचार. काकाला उत्तर द्यायचा कंटाळा येतो त्याला, गिऱ्हाइकाला येणार नाही.

तुझी बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. नीताचं कॉलेज सुरू झालं का? शुभाला सांग, कडक भाकरी पाठवतो.

तुझा,
विन्या

ता.क. डीसी अँपिअर मोजणारा माझा क्लॅम्प मीटर तुझ्याकडेच आहे. हरवला म्हणालास, पण मागच्या खेपेला तुझ्या कपाटावर मी तो या डोळ्यांनी बघितला. कुरिअर कर. ओंक्याला प्रत्येक माळ मोजायला लावायचीय. तो हातात पडल्याशिवाय शेंगा चटणीचा डबा इथून हलणार नाही.