थेट पाईपलाईन आली, सांडपाण्याचे काय?

महोदय,

काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने 2023च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोहोचले, तेव्हा कोल्हापुरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण पंचगंगा दारात असताना सुमारे 53 किलोमीटरवरून पाणी का आणावे लागले, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. नदी प्यायच्या लायकीची ठेवली नाही, म्हणून धरण गाठले.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरतात. नळाला पाणी वाढले की गटारालाही वाढणार. शहराचा मैला वाहणाऱ्या जयंती नाल्यावरचे सांडपाणी उपसणारे पंप बंद पडले की तो नाला बंधाऱ्यावरून थेट नदीला मिळतो. त्यात शहराला लागून असलेल्या पाचगाव, कळंबा, उचगावला अपार्टमेंटवर अपार्टमेंट चढतायत. हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षे चाललाय, पण मैल्याला हद्द कुठे कळते?

आता नदीच्या खालच्या अंगाला बघा. इचलकरंजीत 2012 साली काविळीने माणसे दगावली. ते शहर पाण्यासाठी वारणा नदीकडे गेले, तिथल्या दानोळीकरांनी अडवले. दूधगंगा नदीकडे वळले, तर तिथून पाणी आणायच्या सुळकूड योजनेला विरोध. इचलकरंजीच्या नावाने आपण नाके मुरडतो खरे, पण आपल्याला वरचे धरण मिळाले आणि त्यांना मिळाले नाही, फरक एवढाच. त्याही खालच्या शिरोळ तालुक्याच्या वाट्याला तर सगळ्यांचेच येते: आपला मैला, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचे रंगीत पाणी, साखर कारखान्यांची मळी. उन्हाळ्यात धार आटते, मळी पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. मग पंचनामा, नमुने, नोटीस. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

कारखाने बंद करा, असे मी म्हणणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांवर इथल्या कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण वस्ती आणि कारखाने वाढवायला परवानगी देताना पाणी कुठून आणणार हे विचारतात, तितक्याच कडकपणे ते कुठे सोडणार हेही विचारायला हवे. आणि शहरासाठी महिन्याला किती पाणी उचलले, त्यातले किती शुद्ध करून नदीत सोडले, हे दोन आकडे पाणीपट्टीच्या बिलावर छापावेत. जागा भरपूर आहे; सध्या तिथे थकबाकीदारांना दम दिलेला असतो.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर